कुंडीमागचं दार

माझ्या घरं रेखाटायच्या सॉफ्टवेअरमध्ये खुर्च्याच खुर्च्या आहेत. डुलणाऱ्या, फिरणाऱ्या, टांगलेल्या, एका पायावर उभ्या असलेल्या. घरात पेटवायच्या शेकोटीचे सात-आठ प्रकार आहेत, आणि डहाणूत कुणी घरात शेकोटी पेटवली तर वैशाखात त्या घरातली माणसं उकडून निघतील. बर्फातली झाडं आहेत, कुत्र्यांची घरं आहेत, दारू ठेवायची कपाटं आहेत. पण पाट नाही, सूप नाही, धान्य साठवायची कणगी नाही, बोंबील वाळत घालायची काठी नाही. मोरी शोधायला गेलं की बाथटब समोर येतो.

मी यावर चिडचिड करते तेव्हा घरचे म्हणतात, अगं, ज्यानं बनवलं त्याला आपल्याकडचं काय ठाऊक? नसेल ठाऊक. मला तर ठाऊक होतं. हे लिहायला बसले आहे ती रागानंच, आणि त्यातला निम्मा राग माझ्यावरचा आहे.

मी घरांचे नकाशे काढते. सिव्हिलचा डिप्लोमा केला, काही वर्षं एका आर्किटेक्टकडे उमेदवारी केली, मग डहाणू रोड स्टेशनजवळ झेरॉक्सच्या दुकानाच्या वर एक खोली घेऊन बोर्ड लावला. माहेर इथलंच, किनाऱ्याकडच्या चिकूवाडीतलं. माझी गिऱ्हाइकं म्हणजे बोर्डी-घोलवडकडे बंगली बांधणारे, डहाणूत फ्लॅट सजवणारे, आणि अलीकडे तलासरीच्या पाड्यांतली पहिल्या पिढीतली नोकरदार मंडळी. मास्तर, नर्स, कारखान्यातले सुपरवायझर. पक्कं घर बांधायचं असतं आणि ते मोबाइलमध्ये पाहिलेल्या घरासारखं हवं असतं.

सॉफ्टवेअरमध्ये माणसंही मिळतात. चित्रात जीव यावा म्हणून ठेवायची. त्यात पांढरा शर्ट घातलेली, केस मोकळे सोडलेली एक बाई आहे. हातात कॉफीचा मग, नजर खिडकीबाहेर. मी तिला वर्षानुवर्षं राबवलं. वाडीतल्या बंगल्यात तीच, स्टेशनजवळच्या वन-रूम-किचनमध्येही तीच. एका मावशींनी एकदा विचारलंही होतं, ही तुमची नणंद का? मी हसून सोडून दिलं.

दोन वर्षांपूर्वी मी एक ऑनलाइन वर्ग केला. विषय होता, व्यावसायिकांनी या सॉफ्टवेअरमधून जास्तीत जास्त कसं काढून घ्यावं. रीतसर आठ रविवार. खोटं कशाला बोलू, काही गोष्टी उपयोगाच्या निघाल्या. माझ्या फायलींमध्ये गाव म्हणून परदेशातलं कुठलंतरी शहर आपोआप बसलेलं होतं आणि माझ्या घरांत इतकी वर्षं भलत्याच दिशेनं ऊन येत होतं, हे मला तिथं कळलं. पण शिकवणाऱ्या गृहस्थांचा खरा भर वेगळाच होता. ते म्हणायचे, पहिल्याच भेटीत क्लायंटला दिपवा. नकाशा कुणाला कळत नाही, चित्र सगळ्यांना कळतं. आणि रिकामा कोपरा चित्राला मारतो, तिथं काहीतरी हिरवं ठेवा. आठ रविवारांत क्लायंटला काय विचारावं यावर एक वाक्य नव्हतं. तेव्हा हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. मी वहीत 'रिकामा कोपरा – हिरवं' असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. ती वही अजून आहे, आणि ते पान दिसलं की मला माझाच कान पिरगळावासा वाटतो.

वर्ग संपला त्याच सुमाराला ते सर आले. तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरचे, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. शांत माणूस, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मोजकं. जुनं घर कुडाचं, भूकंपाच्या धक्क्यांत एका अंगाला कललेलं. ते उतरवून त्याच जागी पक्कं बांधायचं होतं. हॉल, स्वयंपाकघर, दोन खोल्या. घरात ते, बायको, मुलगी आणि आई.

आमच्याकडे धरणी हलते याची आता बातमीही होत नाही. काही वर्षांपूर्वी धक्क्यांची रांगच लागली होती. तलासरीकडे आणि डहाणूच्या आतल्या भागात लोक महिनोन्महिने अंगणात मांडव घालून झोपले. मग धक्के विरळ झाले, लोक एकेक करून घरात परतले. सरांची आई परतली नाही. ती अंगणातल्या मांडवातच राहिली. वर ताडपत्री, तीन बाजूंनी पेंढा, चौथी बाजू उघडी.

"आई जरा हट्टी झालीय, मॅडम," सर म्हणाले. "दोन पावसाळे तिथंच काढले. खोकला जात नाही. डॉक्टर म्हणाले, अजून एक पावसाळा बाहेर काढू नका. नवीन घर झालं की येईल आत. म्हणून तर एवढी घाई."

म्हणजे हे घर कुणासाठी होतं ते पहिल्या दिवशीच मला सांगितलं गेलं होतं.

मी जागा पाहायला गेले. टेप धरला, चारी बाजू मोजल्या, चिंचेचं झाड कुठं येतं ते टिपलं. म्हातारी मांडवात बसली होती. लहानखुरी, हाडं हलकी, गुडघे पोटाशी घेतलेले. मी विचारलं, "काय आजी, बरं आहे ना?" तिनं मान हलवली. माझं सामाजिक कर्तव्य तिथं संपलं. मी बूट झटकून गाडीत बसले.

नकाशा चांगला केला, हे आजही म्हणेन. हॉलच्या मागच्या भिंतीत एक दार ठेवलं होतं, परसात उघडणारं. भांडी घासायला, लाकडं आणायला बाया मागूनच ये-जा करतात, एवढं मला कळत होतं. मग चित्राला बसले. त्या दाराचा कोपरा काही केल्या सजेना. दार साधं, बाजूला बोडकी भिंत, उजेड कमी. वही आठवली. सॉफ्टवेअरच्या लायब्ररीतून एक भलीमोठी कुंडी उचलली, माणसाएवढ्या उंच, रुंद पानांच्या झाडाची, आणि दारापुढे ठेवून दिली. दार पूर्ण झाकलं गेलं. कोपरा असा खुलला की मी स्वतःशीच खूश झाले. सोफा, टेबल, टेबलाशी कॉफीवाली बाई, मागे हिरवं झाड.

सरांनी चित्र पाहिलं. म्हणाले, "हे आमचं घर?" त्यांच्या आवाजात जे होतं ते ऐकून मला त्या वर्गाची फी वसूल झाल्यासारखं वाटलं. त्यांनी चित्र फोनवर मागून घेतलं, तिथूनच भावकीच्या ग्रुपवर टाकलं आणि मिस्त्रीलाही पाठवलं. नकाशाचे कागद मी त्यांच्या हातात वेगळे दिले. गुंडाळी करून, रबर लावून.

मिस्त्री गुजरातच्या हद्दीकडचा, वयानं माझ्याहून मोठा, हाताला चांगला. स्लॅब पडेपर्यंत मी दोनदा जाऊन आले, सगळं ठीक होतं. मग वाडीतल्या एका बंगल्याच्या कामात अडकले. फोनवर विचारलं की म्हणायचा, "चालू छे मॅडम, एकदम फोटोसारखं." ते ऐकून मी समाधान पावत होते. अक्कल गहाण टाकणं म्हणजे दुसरं काय असतं?

पुन्हा गेले तेव्हा भिंती पूर्ण झाल्या होत्या. आतून गिलावाही झाला होता. हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि काहीतरी चुकतंय असं वाटलं, पण काय ते पटकन कळेना. मग मागच्या कोपऱ्याकडे लक्ष गेलं. तिथं दार नव्हतं. सलग भिंत होती. आणि भिंतीला लागून विटांचा एक चौथरा बांधलेला होता, वर सिमेंटचा गुळगुळीत हात फिरवलेला.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"कुंडीचा ओटा," मिस्त्री म्हणाला. "एवढी मोठी कुंडी खाली ठेवली तर लादीला डाग पडल. म्हणून मीच डोकं लावलं."

"आणि दार?"

"कुठलं दार?"

मी किती बोलले ते इथं लिहीत नाही. चाळीसेक वर्षांच्या सभ्यतेवर पाणी सोडलं एवढंच सांगते. मिस्त्रीनं सगळं ऐकून घेतलं, मग खिशातून फोन काढला, बोटानं चित्र मोठं केलं आणि माझ्यापुढे धरलं. "दाखवा ना. कुठं हाय दार? तुमच्याच फोटोत नाय."

"नकाशात आहे. नकाशा कुठाय?"

नकाशा सिमेंटच्या गोण्यांमागे सापडला. रबर तसंच होतं. उलगडलाच नव्हता. "मॅडम, नकाशा पंचायतीला, फोटो साइटला," मिस्त्री म्हणाला. उद्धटपणानं नाही, एखाद्या नवख्याला कामाची रीत समजावून सांगावी तसा. "समदे असंच करतात. पहिले चित्र नव्हतं तेव्हा नकाशा बघायचो. आता तुम्हीच चित्र देता."

मी तडतडत बाहेर आले. नकाशा न उघडणारा मिस्त्री, त्याला चित्र पाठवणारे सर, रिकामे कोपरे भरायला सांगणारे ते रविवारचे गृहस्थ, सगळ्यांना मनात लाखोली वाहिली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. कुंडी त्यांतल्या कुणी ठेवली नव्हती.

सरांना फोन लावला. ते शाळेतून म्हणाले, "मॅडम, राहू द्या आता. मागचं दार नसलेलंच बरं, चोरीचं भय नको. त्या भिंतीला टीव्ही लावू. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." इतका समजूतदार क्लायंट मिळाला म्हणून कुणालाही बरं वाटलं असतं. मलाही क्षणभर वाटलं. आणि मी गाडीकडे निघालेसुद्धा.

मांडवावरून जावं लागत होतं. म्हातारी तिथंच होती, वाल सोलत. डोक्यावर ऊन तापलं होतं, ओरडून घसा सुकला होता. मी पाणी मागितलं. तिनं तांब्या पुढे केला आणि बाजूची गोणपाटाची घडी थोपटली. मी खाली बसले. दुसरं बसायला काही नव्हतं म्हणून बसले, त्यात माझा मोठेपणा काही नाही.

"लय बोल्लीस त्याला," ती म्हणाली. माझ्याशी ती शक्य तेवढी आमच्या वळणाची मराठी बोलत होती, मधूनच तिची स्वतःची भाषा डोकावत होती, 'मला'चं 'माना' होत होतं.

"दार विसरला तो मागचं."

तिचे हात थांबले. "मागं दार होता?"

"होतं. नकाशात होतं."

"माना कोणी नाय सांगितला." ती परत वाल सोलायला लागली. मग म्हणाली, "घर चांगला हाय. मी जाऊन आली. बसली, आन् परत आली. बाहेर पडायला एकच वाट हाय."

मग तिनं सांगितलं. मी विचारलं नव्हतं, तिनं आपणहून सांगितलं. त्या मोठ्या धक्क्याच्या दिवशी ती दुपारची आत पडली होती. घरात कोणी नव्हतं. आधी भांडी वाजली, मग माळ्यावरची माती अंगावर पडली, मग भिंत पोटासारखी पुढे आली. ती उठून दाराशी गेली. चौकट तिरकी झाली होती. दार हलेना. घराला ते एकच दार. ती ओरडत राहिली, पण अख्खा पाडा ओरडत होता, तिचं कोण ऐकणार? शेजारचा माणूस कुऱ्हाड घेऊन आला आणि त्यानं फळी फोडली तोवर ती दाराला पाठ लावून भिंतीकडे बघत बसली होती. भिंत पडते की माणूस येतो, एवढंच बघत.

"तवापास्नं," ती म्हणाली, "जिथनं दोन वाटा दिसत नाय, तिथं माना डोळा लागत नाय."

"हे सरांना सांगितलंत का?"

"सांगाया गेली. तो बोलला, आये, कंपुटरात सगळा पाहिलाय." तिनं माझ्याकडे पाहिलं. "कंपुटरात मी कुठं बसली होती?"

मी गाडीतून लॅपटॉप आणला, का आणला ते माहीत नाही, कदाचित काहीतरी करायचं म्हणून. चित्र उघडून तिच्यापुढे धरलं. तिनं डोळे बारीक करून पाहिलं आणि कॉफीवाल्या बाईवर बोट ठेवलं.

"ही कोण?"

"कुणी नाही. अशीच ठेवलीय."

"घर तिचा हाय?"

यात टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती. मला मात्र चपराक बसली. डहाणूपासून तलासरीपर्यंत मी त्या बाईला घरं बांधून देत आले होते, आणि जिच्यासाठी हे घर होतं तिला मी उभ्या उभ्या विचारलं होतं, बरं आहे ना?

मी टेप काढला. "आजी, जरा नीट बसा, तुम्हाला मोजते." तिला हसू आलं. "मेल्यावर मोजतात," ती म्हणाली. मी म्हटलं, मी जिवंतपणीच मोजते. जमिनीपासून तिच्या डोळ्यांपर्यंत दोन फूट चार इंच भरले.

सॉफ्टवेअरमध्ये घर आतून पाहायचं असेल तर एक कॅमेरा असतो. त्याची उंची आपोआप साडेपाच फुटांना ठेवलेली असते. उभ्या, उंच, बूट घातलेल्या माणसाचे डोळे. इतक्या वर्षांत मी ती उंची कधी बदलली नव्हती. ती बदलता येते हे मला माहीत होतं, पण बदलावी असं वाटलं नव्हतं. ऑफिसात येऊन तिथं दोन फूट चार इंच टाकले आणि त्या घरात शिरले.

माझं सुंदर घर नाहीसं झालं. समोर सोफ्याची पाठ. डावीकडे टेबलाची खालची बाजू आणि खुर्च्यांच्या पायांचं जंगल. खिडक्या साडेतीन फुटांवर सुरू होत होत्या, त्यातून फक्त आभाळ. अंगण नाही, चिंच नाही, कोण आलं कोण गेलं काही नाही. मुख्य दार सोफ्याआड. मागे कुंडी. विहिरीत बसल्यासारखं वाटत होतं.

आणि मला आमची पडवी आठवली. चिकू वेचायला पाड्यांवरून बाया यायच्या. दुपारी त्या पडवीत बसायच्या, खालीच, भिंतीला टेकून. त्यांचे कप वेगळे असायचे, कोनाड्यात पालथे घातलेले. मी शाळेतून यायचे ती त्यांच्या पायांवरून उडी मारून आत जायचे. माझं सगळं बालपण त्या उंचीला बसलेल्या बायांच्या बाजूनं गेलं, आणि तिथून काय दिसतं हे बघायला मला चाळिशी ओलांडून एक आकडा बदलावा लागला. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला पाट ठाऊक नव्हता म्हणून त्याच्या नावानं बोटं मोडणारी मी. मला पाट ठाऊक होता, त्याची जागाही ठाऊक होती, आणि तरी मी खुर्च्या मांडत बसले.

त्या आठवड्यात मी त्या सॉफ्टवेअरमधून आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी काढून घेतलं. मोरी केली. चूल केली, कणगी केली, गोधडीची घडी केली. सगळं शून्यातून, मापानं. शेवटी तिला केली. गुडघे पोटाशी, पाठ भिंतीला, लुगडं गुडघ्यापर्यंत, डोळे दोन फूट चार इंचांवर. काही सुबक जमली नाही, हात लाकडी झाले. पण कॉफीवालीला उचलून टाकलं आणि तिथं हिला बसवलं.

रविवारी सरांना बोलावलं. ते टीव्हीच्या भिंतीचं माप घेऊन आले होते. मी त्यांना खुर्ची दिली नाही. लॅपटॉप खाली ठेवला आणि म्हटलं, "सर, बसा. तुम्ही आता आई आहात. आत झोपला आहात. घर हललं, पुढचं दार अडकलं. बाहेर पडून दाखवा."

त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. तरी बसले आणि माउस हातात घेतला. सोफ्याला वळसा घालून पुढच्या दाराशी गेले, मी ते बंद करून ठेवलं होतं. खिडकीशी गेले, ती डोक्यावर. स्वयंपाकघरात गेले, परत आले. मग कुंडीशी. पानांतून कॅमेरा आरपार जातो, त्यामुळे क्षणभर त्यांना वाट सापडल्यासारखं वाटलं, आणि मग पडदाभर नुसती भिंत आली, मिस्त्रीनं बांधली तशीच मी ती चित्रातही करून ठेवली होती. माउस हलत नव्हता.

"आईनं हे कधी सांगितलं नाही," ते म्हणाले.

"सांगायला आली होती. तुम्ही म्हणालात, कंप्युटरात सगळं पाहिलंय." हे मी जितक्या तोडून बोलले तितकं बोलायला नको होतं. म्हणून पुढचंही सांगितलं. "आणि त्या कुंडीमागे दार होतं, सर. कुंडी मी ठेवली. कोपरा बरा दिसावा म्हणून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते उठले, शर्टाची इस्त्री मोडली होती ती झटकलीही नाही, आणि मिस्त्रीला फोन लावला.

मिस्त्री कुरकुरला. गिलावा झालेली भिंत फोडायची म्हणजे त्याच्या जिवावर आलं. वरून म्हणतो, "ह्याचा फोटो द्या, मग फोडतो." मी म्हटलं, फोटो मिळणार नाही. भिंतीवर खडूनं दार आखून दिलं आणि फोडेपर्यंत तिथंच उभी राहिले. दार बाहेर उघडणारं बसवलं, आत माती पडली तरी अडू नये म्हणून. अंगणाकडच्या एका खिडकीची खालची कड दीड फुटावर आणली. कुंडीच्या ओट्याच्या विटा निघाल्या, त्यांची परसात उतरायला पायरी झाली.

पावसाळा पंधरा दिवसांवर होता तेव्हा सरांचा निरोप आला की या. पूजा वगैरे आधीच झाली होती. हॉलमध्ये सोफा आलेला नव्हता, तो नकोच असं सूनबाईंनी ठरवलं होतं. म्हातारी पुढच्या दारानं आत आली. भिंतीला हात लावत लावत सगळीकडे फिरली. मागचं दार लोटून पाहिलं, पायरीवर पाय ठेवून पाहिला, परत आली. मग माझ्या चित्रात बसवली होती त्याच जागी बसली. ती जागा तिला कुणी दाखवली नव्हती. दोन्ही दारं जिथून दिसतात अशी घरात तेवढी एकच जागा होती.

आम्ही सगळे उगाच दुसरीकडे बघत होतो. ती पुढच्या दाराकडे बघायची, मग मागच्या, मग खिडकीतून चिंचेकडे. बराच वेळ. मग सुनेला म्हणाली, "मांडवातली गोधडी आन." सून आणायला गेली. गोधडी येईपर्यंत ती जमिनीवरच आडवी झाली होती, हाताची उशी करून, आणि भर दुपारी, आम्हा सगळ्यांच्या देखत, झोपून गेली. सर उठून परसात गेले ते बराच वेळ आले नाहीत. मला हुंदका आला. तो मी दाबला नाही.

इथं संपवता आलं असतं. पण राग अजून शिल्लक आहे, तो कसा ते सांगते.

त्या सॉफ्टवेअरमध्ये आपण केलेल्या वस्तू सगळ्यांसाठी लायब्ररीत ठेवता येतात. मी मोरी पाठवली, चूल पाठवली, कणगी पाठवली. म्हटलं, माझ्यासारख्या आणखी कुणाला लागतील. त्या गेल्या महिन्यात मंजूर झाल्या, कणगीला त्यांनी 'शोभेची फुलदाणी' या खान्यात टाकलं ते सोडून द्या. शेवटी तिची आकृती पाठवली. नाव, गाव काही नाही, नुसतं 'बसलेली बाई'. आठ दिवसांनी ती परत आली. सोबत दोन ओळी. आकृती बसलेली आहे, पण तिच्याखाली आसन आढळले नाही. कृपया खुर्ची जोडून पुन्हा पाठवा.

मी ते दोनदा वाचलं. दोन पावसाळे अंगणात काढून ती घरात आली, आणि इथं पुन्हा तिला दारात उभं केलं. खुर्ची जोडायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. त्यांच्याकडेच शेकड्यांनी पडल्या आहेत.

मी खुर्ची जोडली नाही. तीच आकृती तशीच पुन्हा पाठवली आणि खाली लिहिलं: तपासून पाहावे. ती जमिनीवर बसली आहे.